तिसऱ्या नोझलचा आवाज

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो उमरठच्या अलीकडच्या चढावर. पोलादपूरहून खताच्या गोण्या भरून आम्ही वर आमच्या वाडीकडे निघालो होतो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, दोन्ही काचा खाली, माझ्या मांडीवर बाजाराची पिशवी. इंजिनाच्या नेहमीच्या घरघरीत एक बारीक, कोरडा आवाज मिसळायला लागला. चिक्-चिक्-चिक्-चिक्. पाल चुकचुकते तसा, पण न थांबता. चढ संपला, ह्यांनी एक्सलेटरवरचा पाय सैल सोडला आणि आवाज गेला.

“अहो, इंजिनात काहीतरी वाजत होतं,” मी म्हटलं.

ह्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, “काय नाय वाजत. डिझेल गाडी हाय, एवढा आवाज व्हायचाच.”

गाडी म्हणजे चौदा वर्षांची जुनी पांढरी पिकअप. माझे यजमान मुंबईहून कायमचे परत आले त्या वर्षी, म्हणजे सहा वर्षांपूर्वी, आम्ही ती महाडच्या एका भाजीवाल्याकडून घेतली. त्याआधी बावीस वर्षं ते मुंबईत पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर होते. मी गावी. सासूसासरे होते तोवर त्यांचं केलं, शेती बघितली, मुलगी वाढवली आणि वाडीतली अंगणवाडी चालवली, ती अजून चालवते. हे गणपतीला यायचे, शिमग्याला यायचे, मे महिन्यात आठ-दहा दिवस यायचे. आमच्याकडच्या बहुतेक घरांत असंच असतं, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलं नाही. कारखाना बंद झाला आणि ते घरी आले, तेव्हा आमच्या लग्नाला बावीस वर्षं होत आली होती, आणि सलग महिनाभर एका घरात राहायची ती आमची पहिलीच वेळ.

मला वाटलं होतं, आता बोलणं होईल. इतक्या वर्षांचं साठलेलं बरंच होतं माझ्याकडे. पण ते गप्प असत. मी चुलीपाशी बसून काही सांगावं आणि बाहेर ओटीवरून त्याला ‘हं’सुद्धा येऊ नये. मी समोर गेले की ते हसायचे, मान हलवायचे, दोन शब्दांत उत्तर द्यायचे. वाडीतले लोक म्हणायचे, मुंबईत राहून माणूस शिष्ट झाला, हाक मारली तरी वळून बघत नाही. मी ह्यांची बाजू घ्यायचे, पण मनातून मलाही वेगळं काही वाटत नव्हतं. खोलीवर आठ-नऊ पुरुषांत दिवस काढलेला माणूस, त्याला बायकोशी बोलायची सवयच राहिली नाही, असा अर्थ मी लावला. पहिलं वर्षभर बोलत राहिले. मग हळूहळू कमी केलं.

गाडी मात्र ते जिवापाड जपत. सकाळी उठून आधी तेलाची काडी बघणार, रेडिएटरचं पाणी बघणार, चाकं हातानं दाबणार. वाडीतली भाजी, नाचणी, आंब्यांच्या पेट्या खाली न्यायच्या आणि येताना खत, सिमेंट, पत्रे, मंडपाचं सामान, जे मिळेल ते वर आणायचं. रविवारी अंगणवाडीला सुट्टी, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर महाडला जात असे. शेजारी बसून जायचं, शेजारी बसून यायचं. बोलणं नसलं तरी मला ते आवडायचं.

पुढच्या रविवारी आवाज पुन्हा आला. त्याच्या पुढच्या रविवारीही. मी लक्ष देऊन ऐकायला लागले. वीस-पंचवीस मुलांच्या गलक्यात खरं कोण रडतंय आणि खोटं कोण, हे मला पाठमोरी असतानाही कळतं. तो सवयीचा भाग आहे. गाडी रिकामी असली की आवाज नसायचा. भरलेली असली आणि चढ लागला की यायचा. गाडीचा वेग वाढला तरी तो तसाच राही, पण इंजिन जोरात फिरायला लागलं की त्याच्याबरोबर वाढे. उताराला एकदम बंद. सकाळी गाडी पहिल्यांदा चालू केली की अंगणात उभं राहून दोन मिनिटं हलका ऐकू यायचा, मग विरायचा. मी हे सगळं ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, मला नाय आला कधी.

अखेर एका रविवारी माझे चुलत दीर मागे गोण्यांवर बसून आले. घाटीच्या अर्ध्यावर त्यांनी केबिनच्या पत्र्यावर थाप मारली आणि ओरडून विचारलं, गाडी चिकचिकते कशाला? हे थांबले, खाली उतरले, बॉनेट उघडून बराच वेळ वाकून उभे राहिले. मग म्हणाले, “हां, आता येतोय.” इंजिन तेव्हा नुसतं जागेवर चालू होतं आणि मला त्यात काहीच ऐकू येत नव्हतं. मला ते चमत्कारिक वाटलं, पण मी विचारलं नाही. गाडी दाखवायला ते तयार झाले, तेवढ्यानं माझं समाधान झालं.

महाडला हायवेच्या कडेला एक तरुण मिस्त्री होता. त्यानं गाडी उभ्या उभ्या चालू करून ऐकली, दोनदा रेस केली आणि टॅपेट, म्हणजे झडपा दाबणारे भाग, ढिले झाले असतील म्हणाला. वरचं झाकण काढून त्यानं पात्यांनी फटी मोजल्या, एकेक स्क्रू आवळला. इंजिन खरंच पहिल्यापेक्षा गोड चालायला लागलं. त्या दिवशी रिकामी गाडी घेऊन आम्ही परत आलो आणि वाटेत आवाज आला नाही. ह्यांनी माझ्याकडे बघून ‘गेला ना?’ अशी भुवई उडवली. पुढच्या खेपेला गाडीत लाद्या होत्या. पहिल्याच चढाला चिक्-चिक् सुरू झालं. मी सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

दुसरं गॅरेज मोठं होतं, एमआयडीसीच्या बाजूला. तिथल्या मिस्त्रीनं गाडी स्वतः फिरवून आणली, पण रिकामीच. आल्यावर त्यानं ह्यांना विचारलं की आवाज जड आहे का, खालून येतो का, ठक-ठक असा? हे त्याच्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, हो, तसाच. मिस्त्रीनं मान हलवली. इंजिनाच्या पोटातलं कनेक्टिंगचं बेअरिंग गेलंय, इंजिन उतरवून खोलावं लागेल, दहा दिवस गाडी सोडा, असं म्हणाला.

मी बाजूला एका जुन्या टायरवर बसले होते. मी म्हटलं, “तसा नाही हो आवाज. बारीक आहे. आणि वरून येतो.”

मिस्त्रीनं ह्यांच्याकडे बघितलं. हे मला म्हणाले, “तुला काय कळतंय गो त्यातलं. गप बस.”

चार माणसांत ते मला असं कधी बोलले नव्हते. घरी येईपर्यंत मी बाहेर बघत राहिले. ह्यांनीही परत तो विषय काढला नाही. पण लग्नसराई तोंडावर होती, मंडपवाल्यांना शब्द दिलेला होता, त्यामुळे गाडी लगेच सोडता येईना. आठ दिवसांनी सोडू म्हणाले. ते आठ दिवस मिळाले नसते तर इंजिन उगाच उघडलं गेलं असतं.

पोलादपूरच्या स्टँडवर गाड्या लावणारे ड्रायव्हर ह्यांच्या ओळखीचे. त्यांतल्या एकानं सांगितलं की इंजिन उतरवण्याआधी एकदा म्हाताऱ्या मिस्त्रीला दाखवा. हा म्हातारा पूर्वी महाबळेश्वरच्या घाटात चालणारे ट्रक दुरुस्त करायचा. आता गावाच्या टोकाला पत्र्याची एक शेड, त्यात एका वेळी एकच गाडी घ्यायचा आणि मनात आलं तरच घ्यायचा. ह्यांना जायचं नव्हतं. म्हणाले, दोघांनी सांगितलं तेच तिसरा सांगेल. दोघांनी दोन वेगवेगळी कारणं सांगितली होती, हे मी त्यांना समोर उभं राहून सांगितलं. एका बुधवारी मी रजा टाकली आणि आम्ही दोघं गेलो. गाडीत वरच्या वाडीत चाललेल्या एका बांधकामाचं सिमेंट पोलादपुरातच भरून घेतलं होतं.

म्हातारा बारीक अंगाचा होता, डोक्याला पांढरा रुमाल, हातात बिडी नाही की पाना नाही. खुर्चीवर बसून होता. आम्ही गेल्यावर त्यानं गाडीकडे बघितलंही नाही. आधी विचारलं, आवाज कसा येतो. ह्यांनी सांगितलं, चढाला येतो. म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं, कसा. हे माझ्याकडे बघायला लागले.

म्हातारा माझ्याकडे वळला. “वयनी, तुम्ही ऐकलाव? तोंडानं करून दाखवा.”

मला लाज वाटली. शेडमध्ये आम्ही तिघंच होतो, तरी रस्त्यावरून माणसं जात होती. मग मी जीभ टाळूला लावून तो आवाज काढला. म्हाताऱ्यानं विचारलं, चढ वाढला की? मी जलद केला. पाय काढला की? मी थांबले. क्लच दाबला तर फरक पडतो का? नाही पडत. सकाळी थंड गाडीला? थोडा वेळ येतो, मग कमी होतो. प्रत्येक उत्तराला तो ‘बरं’ म्हणत होता. अंगणवाडीत मी जशी मुलांना विचारते, पोट कुठं दुखतं, कधीपासून, खाल्ल्यावर की खाण्याआधी, तसंच ते चाललं होतं, आणि माझी लाज कधी गेली ते मला कळलं नाही.

शेवटी तो उठला. ह्यांना म्हणाला की बेअरिंग गेलं असतं तर आवाज जड असता, इंजिनाच्या पोटातून आला असता आणि तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागला असता. दिवा लागतो का? हे म्हणाले, नाही. मग इंजिन उतरवायला कशाला सांगितलं, असं तो स्वतःशीच पुटपुटला. आम्हाला म्हणाला, चला, गाडी भरलेली आहे ते बरं झालं.

मी मधे बसले, म्हातारा खिडकीशी. महाबळेश्वरच्या रस्त्याला पहिला चढ लागला तसं त्यानं ह्यांना गाडी दुसऱ्यात घ्यायला लावली. डोळे मिटून, मान वळवून त्यानं डावा कान पुढे केला. आवाज आला. मी त्याच्याकडे बघत राहिले. आठ-दहा सेकंदांनी त्यानं डोळे उघडले.

“हाच ना?”

“हाच,” मी म्हटलं.

“वळवा गाडी.”

शेडमध्ये आल्यावर त्यानं इंजिन जरा निवू दिलं. मग एका वाटीत धुण्याचा साबण कालवला आणि तेल घालायच्या जुन्या कुपीत ते पाणी भरलं. ह्यांना सीटवर बसवून इंजिन चालू करायला सांगितलं. इंजिनाच्या डोक्यावर चार नोझल ओळीनं बसवलेली असतात, त्यांतून आत डिझेल उडतं. प्रत्येक नोझलच्या बुडाशी त्यानं ते साबणाचं पाणी सोडलं. पंक्चरवाला ट्यूबला लावतो तसंच. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्यापाशी पाणी नुसतं तापून वाळलं. तिसऱ्यापाशी बुडबुडे आले. एक फुगायचा, फुटायचा, लगेच दुसरा. त्यानं रेस करायला सांगितली तसे बुडबुडे जलद झाले, आणि त्या फुटण्याच्या ठेक्यात मला माझा आवाज ओळखू आला. म्हाताऱ्यानं मला जवळ बोलावून दाखवलं. नोझलच्या खाली तांब्याचा एक वायसर असतो, म्हणाला. तो जळलाय. आतला दाब तिथून फुसफुसतो. तुम्हाला तोच ऐकू येत होता.

ह्यांनी खाली उतरून वाकून बघितलं. बुडबुडे त्यांनाही दिसले. ते हसले, म्हणाले, साधंच निघालं म्हणायचं.

तेवढ्यात म्हाताऱ्यानं भिंतीवरचा रबरी पाइप काढला. हातभर लांब, पाण्याच्या नळीसारखा. एक टोक तिसऱ्या नोझलपाशी धरलं आणि दुसरं ह्यांच्या हातात दिलं. त्यातून ऐका, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हालाच ओळखता येईल, असं म्हणाला. ह्यांनी टोक कानाला लावलं.

“येतोय का?”

“येतोय की,” हे म्हणाले. “चांगला येतोय.”

मी म्हाताऱ्याच्या बाजूला उभी होते. त्यानं पाइप मधोमध दुमडून मुठीत घट्ट धरला होता. त्यातून वारासुद्धा गेला नसता. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, मग मूठ सैल केली, पाइप सरळ झाला. पुन्हा विचारलं, आता? हे म्हणाले, हो, तसाच येतोय. म्हातारा बरं म्हणाला आणि पाइप परत खिळ्याला अडकवला.

मी तिथल्या बाकड्यावर जाऊन बसले. पुढचा तास-दीड तास म्हातारा नोझल काढत होता. ते अडकून बसलं होतं, भोवती डांबरासारखा काळा थर जमला होता. हलवून, डिझेल सोडून, पुन्हा हलवून त्यानं ते वर काढलं आणि खालचा वायसर माझ्या हातावर ठेवला. अंगठीएवढा, पण अंगठीपेक्षा पातळ. एका बाजूला केसाएवढी चीर जळून आरपार गेली होती. मी तो बघत होते, पण डोक्यात पाइप होता. चुलीपाशी बसून सांगितलेल्या गोष्टी होत्या. वाडीतल्या माणसांनी मारलेल्या हाका होत्या. महाडच्या गॅरेजमध्ये मिस्त्रीच्या तोंडाकडे बघत त्यांनी दिलेला होकार होता. सहा वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसून जेवत होता आणि मला कळलं नव्हतं. चार-पाच वर्षांच्या पोराला नीट ऐकू येत नसेल तर ते मला दोन दिवसांत कळतं, तशी कागदावर नोंद करून मी डॉक्टरांकडे पाठवते.

नोझलची जागा घासून, नवा वायसर घालून गाडी चालू झाली. आम्ही तिघं पुन्हा त्याच चढावर जाऊन आलो. फक्त इंजिन चालल्याचा आवाज होता.

परत आल्यावर म्हाताऱ्यानं आधी डिझेलनं, मग साबणानं हात धुतले आणि तीन चहा मागवले. ह्यांच्या अगदी समोर खुर्ची ओढून बसला. मला वाटलं, तो मला बाजूला घेऊन सांगेल. तसं त्यानं केलं नाही. तो ह्यांच्याशीच बोलला, हळू आणि स्पष्ट, ओठ दिसतील असं. विचारलं, आधी कामाला कुठं होतात. ह्यांनी प्रेसचं सांगितलं. किती वर्षं? बावीस.

“माझा उजवा कान गेलाय,” म्हातारा म्हणाला. “ट्रकांच्या इंजिनात डोकं घालून घालून. मला बी कोणाला सांगायला दहा वर्षं लागली. तुमचे दोन्ही चाललेत. बारीक आवाज गेलेत, जाड अजून हायेत. डाक्टरला दाखवा.”

हे चहाच्या कपात बघत राहिले. पाइप दुमडल्याचं म्हाताऱ्यानं सांगितलं नाही. मीही ते त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

सिमेंट घेऊन आम्ही वर निघालो. उमरठ जवळ आल्यावर ह्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि हँडब्रेक ओढला. समोर रस्त्यावर कुणाच्या तरी म्हशी चालल्या होत्या.

“मला म्हायीत व्हता,” ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं. कारखान्यात सगळेच ओरडून आणि हातवारे करून बोलायचे, त्यामुळे तिथं काही जाणवलं नाही. कानात घालायला बोळे मिळत, पण ते घातले की शेजारच्याची हाक ऐकू येत नसे, म्हणून कोणी घालत नसे. गावी आल्यावर शांततेत त्यांच्या ध्यानात आलं. लोकांच्या तोंडाकडे बघून ते अंदाजानं उत्तर द्यायला शिकले. अंदाज चुकला की माणसं हसतात, म्हणून मग बोलणंच कमी केलं. बहिरा म्हटलं की गाडी कोण चालवू देणार, ही भीती वेगळीच. मी गाडीतल्या आवाजाचं बोलायला लागले तेव्हा आपलं बिंग फुटणार हे त्यांना कळलं होतं. आणि त्या दिवशी गॅरेजमध्ये मला जे बोलले, त्याचं त्यांना वाईट वाटत होतं. ते म्हणाले, तुला बोललो त्याचा राग धरू नको. मी म्हटलं, राग आला होता, आता नाही.

मी त्यांना मुलीबद्दल विचारलं. आमची मुलगी पनवेलला नोकरी करते. तिचा फोन आला की हे ‘बरी हायस ना’ एवढं म्हणून फोन माझ्याकडे द्यायचे. ती एकदा मला म्हणाली होती, बाबांना माझ्याशी बोलायलाच आवडत नाही. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. फोनवर तोंड दिसत नाही, एवढंच म्हणाले.

महाडच्या कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली आणि आम्हाला आलेख दाखवला. जाड आवाजांची रेघ बऱ्यापैकी वर होती, मग बारीक आवाजांकडे एकदम कड्यावरून पडावी तशी खाली आली होती. गेलेलं परत येणार नाही, पण कानाच्या यंत्रानं फरक पडेल, असं त्यांनी सांगितलं. गाडी चालवण्याबद्दल ह्यांनी स्वतःच विचारलं. लपवू नका, परवान्यासाठी आरटीओत रीतसर तपासून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. त्याला दोन हेलपाटे पडले, पण ते काम झालं. आता गाडीला दोन्ही बाजूंना मोठे आरसे आहेत.

यंत्र लावल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत ह्यांनी गाडी चार वेळा म्हाताऱ्याकडे नेली. एकदा मागची फळी खडखडते म्हणून, एकदा काच कुरकुरते म्हणून, एकदा सीटखाली काहीतरी करकरतं म्हणून. चौथ्यांदा नेली तेव्हा मी बरोबर होते. गाडी पार खिळखिळी झालीय, विकून टाकावी का, असं ते गंभीरपणे विचारत होते. म्हाताऱ्यानं बॉनेटही उघडलं नाही. म्हणाला, हे सगळं तुम्ही गाडी घेतलीत त्या दिवसापासून वाजतंय, महिनाभर नुसतं ऐका, मग या. आम्ही तिघंही हसलो. ह्यांना इतकं मोकळं हसताना मी गावी फारसं बघितलं नव्हतं.

घरात सगळं बदललं असं नाही. यंत्र त्यांना टोचतं, वाऱ्यात घुंघुं करतं, शेतात जाताना ते काढून ठेवतात. मी अजूनही विसरून चुलीपासून काहीतरी बोलते आणि मग उठून बाहेर जाते. एका संध्याकाळी ते ओटीवर बसले होते, मी समोर कणसं सोलत होते. त्यांनी विचारलं, एवढी वर्षं तू आतून काय काय सांगत व्हतीस? मी आठवायला लागले. काही आठवेना. कोणाची म्हैस व्याली, कोणत्या पोरानं अंगणवाडीत काय केलं, डाळ संपली, असलंच असणार. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, तेच सांग. मग त्या दिवशी अंगणवाडीत घडलेलं मी सांगितलं.

मुलीला मी फोनवर सगळं कळवलं होतं. ती आधी रडली, मग आईनं एवढी वर्षं कसं ओळखलं नाही म्हणून माझ्यावर चिडली. आता ती व्हिडिओ कॉल करून बोलते, म्हणजे बाबांना तिचं तोंड दिसतं. मे महिन्यात तिला चार दिवस सुट्टी मिळाली. तिला आणायला आम्ही दोघं वीर स्टेशनला गेलो. रेल्वे उशिरा आली. बाहेर रिक्षावाल्यांची गडबड चालू होती, त्यातून वाट काढत ती आली आणि ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाली, “बाबा, कसे आहात?”

“ओरडू नको,” हे म्हणाले. “येतंय ऐकू.”

ती मधे बसली, मी खिडकीशी. महाड मागे टाकून हायवेला लागलो तसं ती ऑफिसातलं सांगायला लागली. नवीन साहेब, डबा आणणारी मैत्रीण, खोलीवरच्या पाण्याची कटकट. काचा खाली होत्या, बाजूनं मोठाले ट्रेलर जात होते, वाऱ्यानं तिचे केस माझ्या तोंडावर येत होते. ह्यांना त्यातलं निम्मंसुद्धा कळलं नसेल. पण पोलादपूर येईपर्यंत त्यांनी तीन वेळा विचारलं, “काय म्हणालीस?” आणि ती तिन्ही वेळा पहिल्यापासून सांगत होती.